शेवंताच्या आजाराचा दुरुस्त जबाब

निपाणीच्या कचेरीसमोर जी चिंच आहे, तिच्याखाली गेली बावीस वर्षे माझी बैठक आहे. शिक्षण मराठी पाचवीपर्यंत झाले. पुढचे मी कचेरीच्या दारात उभा राहून मिळवले. वाटणी, वहिवाट, पाण्याची पाळी, हरवलेली म्हैस, विषय कोणताही असो, अर्ज लिहावा तर अर्जवाल्या आप्पांनी, असे आमच्या भागात लोक म्हणतात, आणि ते खोटे आहे असे मला वाटत नाही. हे सांगण्यात आत्मस्तुतीचा हेतू नाही. पुढे जी चूक सांगायची आहे ती दुसऱ्या बापाच्या हातून सहसा झाली नसती. ती माझ्या हातून झाली, कारण मी अर्जलेखक आहे.

ज्यांच्या मुलास धनुर्वात झाला आहे, किंवा ज्यांचे मूल दवाखान्यात जीवन-मरणाच्या मध्ये पडलेले आहे, त्यांच्यासाठी हा मजकूर आहे. औषधांची नावे मला नीट ठाऊक नाहीत आणि ती सांगण्याचा अधिकारही मला नाही. बसावे कसे, गप्प राहावे कसे, आणि डॉक्टरांना काय सांगावे, एवढेच मी सांगू शकतो.

काटा

आमची दोन मुले अंगावर पीत असतानाच गेली. शेवंता तिसरी आणि एकुलती. तेव्हा सात वर्षांची होती. घराच्या मागे तंबाखू वाळवण्याचे खळे आहे आणि त्याला बाभळीच्या फांद्यांचे कुंपण. शेजारचे करडू आत शिरले म्हणून ही त्याच्यामागे धावली आणि टाचेत काटा घेऊन लंगडत घरी आली.

तो कचेरीचा तारखेचा दिवस होता. कुर्ली गावची माणसे कचेरीत जाण्याआधी सकाळपासून आमच्या घरच्या ओट्यावर बसली होती. अर्ज अर्धा लिहून झाला होता. मी उठलो, कागदांना लावतो त्यातलीच एक टाचणी घेतली, टाच कोरली आणि बोटांनी काटा ओढला. काटा हातात आला. तो केवढा होता, हे मी पाहिले नाही. अंगणात टाकून दिला.

"निघाला का?" कुटुंबाने, म्हणजे शेवंताच्या आईने, आतून विचारले.

"निघाला," मी म्हणालो.

तिने हळद घालून तेल कढवले, त्यात बुडवलेला कापसाचा बोळा टाचेवर दाबला आणि वर चिंधी बांधली. मी अर्ज पुरा करायला बसलो. चार दिवसांत जखम वरून मिटली आणि शेवंता पुन्हा करडामागे धावू लागली.

ती हसत नव्हती

आठव्या दिवशी दुपारी शेवंताने भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला. "आई, तोंड उघडंना," ती म्हणाली. गालगुंड असेल म्हणून कुटुंबाने गरम लेप लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंथरुणात पडलेली होती आणि तिचे तोंड हसल्यासारखे ताणलेले होते. मान ताठ. शेजारच्या गंगाक्का विस्तव मागायला आल्या होत्या. त्या वाकून म्हणाल्या, "अगं बया, पोरगी हसाय लागलीया की! कशाला घाबरतीस?" पण ती हसत नव्हती. ओठ हसत होते आणि डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होते. तेवढ्यात कुटुंबाच्या हातून तांब्या निसटला. तो फरशीवर वाजला मात्र, शेवंताची पाठ कमानीसारखी वर उचलली गेली, आणि टाच व डोके एवढेच अंथरुणाला टेकून राहिले.

मी निपाणीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला बोलावून आणले. त्याने तिला हातही लावला नाही. दारातूनच म्हणाला, "आप्पा, हितं येक घटका थांबू नगासा. बेळगाव गाठा."

सर्व्हिस मोटार सुटायच्या बेतात होती. कुटुंबाने शेवंताला मांडीवर आडवे घेतले आणि मी समोर उभा राहिलो. ड्रायव्हरला मी सर्व सांगितले. तो तवंदीचा घाट एखादी नवरी घेऊन चालल्यासारखा चढला. मागे एक तंबाखूचे व्यापारी बसले होते. त्यांना उशीर होत होता.

"गाडी हाय का पालखी, ही?" ते ओरडले.

ड्रायव्हरने मान न वळवता उत्तर दिले, "पाय हाईत न्हवं, सावकार? उतरा आनि चाला की. तुमीच पयलं पोचशीला."

संकेश्वर गेले, हत्तरगी गेली. प्रत्येक खड्ड्याला मुलीच्या अंगातून ताण जाई आणि मी मनात म्हणत असे, काकती येऊ दे. काकती आली तेव्हा म्हणालो, बेळगाव येऊ दे. त्या दिवशी मी शिकलो की अशा वेळी पुढच्या गावाच्या पलीकडचा विचार करू नये.

माझा जबाब

बेळगावच्या त्या दवाखान्यात डॉक्टर सडपातळ आणि कमी बोलणारे होते. त्यांनी तिला पाहताक्षणी रोगाचे नाव सांगितले. मग कारकुनाला म्हणाले, "जखमेची हकीकत लिहून घ्या."

येथे माझी चूक झाली. मी म्हणालो, "साहेब, हे काम माझे आहे. कागद द्या, मीच लिहितो."

मुलगी आत झटके खात होती आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून समास सोडत होतो. याची मला आज लाज वाटते, परंतु त्या वेळी मला खरोखर वाटले की उत्तम लिहिलेल्या जबाबाने मुलीकडे अधिक लक्ष दिले जाईल. आयुष्यभर मी हेच पाहिले होते. मी लिहिले:

"सदरहू मुलीच्या टाचेत सुमारे पंधरा दिवसांपूर्वी बाभळीचा काटा रुतला असता तो त्याच क्षणी समूळ काढण्यात आला. जखम कढत पाण्याने धुऊन तीस टिंक्चर लावण्यात आले. जखम पूर्ण भरून आलेली आहे. पालकाकडून कोणताही विलंब अगर हयगय झालेली नाही."

यात पंधरा दिवस खोटे, समूळ हे खोटे, कढत पाणी आणि टिंक्चर खोटे. लिहिताना मला ते खोटे वाटले नाही. आमच्या धंद्यात हकीकत अशीच मांडतात. अर्जदार नेहमी वेळेवर आलेला असतो, त्याने जे करायला हवे ते सर्व केलेले असते, आणि शेवटची ओळ तर हाताला इतकी सरावलेली होती की ती माझ्या इच्छेवाचून उतरली. पंधरा दिवस म्हटले म्हणजे जखम नीट सांभाळली असे दिसते, नऊ म्हटले म्हणजे ती नजरेआड केली असे दिसते. मी दिसण्याचा विचार केला.

डॉक्टरांनी जबाब वाचला. "छान लिहिलंय," ते म्हणाले, आणि मला, खरे सांगायचे तर, बरे वाटले.

मग त्यांनी टाच पाहिली. कातडी मिटलेली. नुसते बोट लावले तर पोरीचे अंग कमानले. ते नर्सबाईंना म्हणाले, "काटा पुरता निघालाय, जखम धुतलीय. मग उघडायची नको. हात लावला की झटका येतोय. सीरम देऊ आणि तिला शांत ठेवू."

त्यांनी माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवला.

अंधारी खोली

शेवटची एक लहान खोली आम्हांला मिळाली. खिडकीला घोंगडी टांगली. दाराच्या बिजागऱ्यांत तेल सोडले. नर्सबाईंचे नाव मार्था. त्या गोकाककडच्या, मराठी कानडीच्या अंगाने बोलत. त्यांनी ओठांवर बोट ठेवून आम्हांला सांगितले, "उजेड नाही, आवाज नाही, हात लावायचा नाही. रडायचं असलं तर तिकडं विहिरीपाशी जायचं. इथं सुम्मनिरी." सुम्मनिरी म्हणजे गप्प राहा. पुढचे अनेक दिवस मी हा एकच शब्द ऐकला.

बोलणे हा माझा धंदा. पक्षकार तोंड उघडण्याआधीच त्याचे म्हणणे त्याला सांगण्याबद्दल माझा लौकिक आहे. त्या खोलीत मी खाकरूही शकत नव्हतो. माझ्या नव्या वहाणा करकरत, आणि त्या तशा करकराव्यात म्हणून मी चांभाराला मुद्दाम सांगितलेले होते. त्या मी व्हरांड्याच्या टोकाला काढून ठेवल्या आणि अनवाणी वावरू लागलो.

दुसरी अडचण कुटुंबाच्या बांगड्यांची. दोन्ही हातांत हिरवा चुडा. तिने दुधाची वाटी उचलली की तो किणकिणे आणि शेवंता ताठ होई.

"बांगड्या काढा, बाई," मार्थाबाई तिला बाहेर घेऊन म्हणाल्या.

"त्येवढं सांगू नगासा," कुटुंब म्हणाले. "नवरा म्होरं उभा हाय की माझा. रिकामा हात घिऊन लेकराजवळ बसू व्हय?"

"मग मूल जाईल."

कुटुंब भिंतीला टेकून उभे राहिले. तिला दोन्हीकडून भीती घातली गेली होती. मी डोक्याचा रुमाल सोडला. तांबड्या काठाचा तो रुमाल कचेरीत माझी ओळख होता. तो उभा फाडला, आणि तिच्या प्रत्येक बांगडीभोवती पट्टी गुंडाळून मनगटापासून वर घट्ट बांधत नेली. चुडा हातातच राहिला आणि मुका झाला. मार्थाबाईंनी हात हलवून पाहिला. "हे बरं," त्या म्हणाल्या. ज्या भगिनींवर असा प्रसंग येईल त्यांना ही युक्ती उपयोगी पडेल.

जबडा मिटलेला, तेव्हा दूध द्यायचे कसे, हा प्रश्न होता. शेवंताचे पुढचे दोन दुधाचे दात नुकतेच पडले होते. शेजारची मुले तिला 'बोळकी म्हातारी' म्हणून चिडवत आणि ती घरी येऊन रडत असे. त्याच फटीतून मार्थाबाईंनी रबराची बारीक नळी घातली आणि चमचा चमचा दूध आत गेले. त्या दातांचे उपकार मी विसरलेलो नाही.

माझ्या वाट्याचे एक कामही मी शोधून काढले. बसून राहण्याने माणूस खचतो. हातात काम असले म्हणजे तो टिकतो. मी अर्जाच्या कागदाला घड्या घालून ताशी एक घर पाडले, आणि झटका आला की अंधारात बोटाने घर चाचपून पेन्सिलीने रेघ ओढू लागलो. दवाखान्याच्या घड्याळाचे टोले लांबून ऐकू येत, त्यावर तास बदलायचा. कुटुंब बसे तेव्हा ती रेघ ओढी. तिला अक्षर येत नाही, पण रेघ येते. डॉक्टर सकाळी येऊन तो कागद बाहेर उजेडात नेऊन पाहू लागले.

पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी रेघा अधिक होत्या. तिसऱ्या दिवशी घरे भरून रेघा बाहेर जाऊ लागल्या.

"असं व्हायला नको होतं," डॉक्टर कागदाकडे पाहत म्हणाले. "जखम बंद आहे, सीरम गेलंय. हे विष येतंय कुठून?"

मी गप्प उभा राहिलो. त्या वेळी मी व्हरांड्यात होतो. तेथे बोलण्यास कोणतीही मनाई नव्हती.

येळ्ळूरचा भरमाण्णा

व्हरांड्यात माझ्या शेजारी येळ्ळूरचा भरमाण्णा म्हणून एक शेतकरी राहत होता. त्याची बायको पाय मोडून बायकांच्या खोलीत पडलेली होती. तो चुलीवर भात करी आणि मला विचारल्याशिवाय माझ्या ताटात वाढी.

त्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी जबाबाची नक्कल काढून वाचत बसलो होतो. प्रत्येक अर्जाची नक्कल ठेवण्याची मला सवय आहे.

"काय वाचतासा, आप्पा?"

"डॉक्टरांना दिलेला जबाब."

"मोठ्यानं वाचा की. आमाला बी कळू द्या कसं लिवतासा त्ये."

मी वाचून दाखवला. भरमाण्णाने चुलीतले लाकूड मागे ओढले आणि सावकाश ऐकले.

"लई झ्याक हाय," तो म्हणाला. "मामलेदारानं उभं ऱ्हावून ऐकावं आसं. पर आप्पा, काट्याचं टोक कसं हुतं?"

"टोक?"

"काळं आस्तंय बाभळीचं. बैलाच्या पायातला काटा काडला की आमी आदी टोक बघताव. टोक न्हाय घावलं तर काटा निघाला आसं म्हनत न्हाय आमी. तुमी बघितलासा न्हवं?"

मी नक्कल घडी घालू लागलो.

"बघितलासा का न्हाय?"

"नाही."

"मग समूळ कसं लिवलासा?"

"तसे लिहितात, भरमाण्णा."

"कोन लिवतंय?" त्याने खऱ्या कुतूहलाने विचारले. टोमणा मारण्याचा त्याचा हेतू नव्हता.

मग तो भाताकडे वळला, आणि पळीने शिते चाचपत म्हणाला, "बैलाच्या खुरात टोक ऱ्हायलं तर वरनं कातडं मिटतंय आनि आत सडतंय. आमी मग चिरताव. डाक्टर चिरतील की. तेनला ठावं पायजे फकस्त."

चिठ्ठी

मी कोरा कागद घेतला. 'सेवेशी, विनंती विशेष' असे लिहिले आणि थांबलो. विशेष विनंती कसली करणार होतो? तो कागद टाकला. दुसऱ्यावर 'नजरचुकीने' हा शब्द आला. नजरचूक नव्हती, म्हणून तोही टाकला. तिसऱ्यावर मी एवढेच लिहिले:

"काटा आत मोडला असावा. टोक मी पाहिले नाही. जखम पंधरा नव्हे, आज अकरा दिवसांची आहे. टिंक्चर लावलेले नाही, धुतलेलीही नाही. पहिला जबाब मी खोटा लिहिला."

बावीस वर्षांत माझ्या हातचे इतके वाईट अक्षर कोणी पाहिले नसेल.

डॉक्टर जेवायला निघाले होते. त्यांनी चिठ्ठी उभ्यानेच वाचली.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"होय."

"आणि तेही तुम्हीच?"

"होय साहेब."

मला वाटले ते ओरडतील. मी त्यासाठी मान खाली घातली होती. ते म्हणाले, "तीन दिवस गेले," आणि जेवण तसेच ठेवून मागे वळले. मार्थाबाई क्लोरोफॉर्मची बाटली घेऊन त्यांच्यामागे जाताना मला दिसल्या.

कुटुंब त्या वेळी खोलीतून बाहेर आणले गेले होते. तिला काय चालले आहे ते कळेना.

"चिरत्यात? कशाला चिरत्यात? काटा तर तुमी काडलासा की."

दार बंद झाले होते. मी तिला विहिरीपाशी नेले आणि सांगितले. पहिल्या जबाबातले सर्व आणि चिठ्ठीतले सर्व, जसेच्या तसे. ती माझ्याकडे पाहत होती. पट्ट्यांनी बांधलेले हात तिने छातीशी धरले होते.

"मी इच्यारलं हुतं तुमाला," ती म्हणाली. "निघाला का म्हनून इच्यारलं हुतं."

"होय."

"आनि हितं डाक्टरनं इच्यारलं."

"होय."

तिने विहिरीच्या रहाटाकडे तोंड वळवले. मग म्हणाली, "शेवंता उठून बसंल तवा मी बोलन तुमच्यासंगट. तवर न्हाय. आनि न्हाय बसली तर कंदीच न्हाय."

दार उघडले तेव्हा मार्थाबाईंच्या हातातल्या पांढऱ्या भांड्यात कापसावर काट्याचा तुकडा होता. भाताच्या दाण्याएवढाही नव्हता. टोक काळे होते. डॉक्टर म्हणाले, "आत पू होता. सगळं साफ केलंय. जे विष अंगात भिनलंय ते परत काढता येत नाही. आता तिच्यात किती दम आहे, ते बघायचं."

दोन मौने

त्यानंतर दोन दिवस फार कठीण गेले. पाचव्या दिवशी सकाळी एक झटका आला तो सुटेच ना. दाराच्या फटीतल्या उजेडात ओठ जांभळे दिसले. मार्थाबाईंनी शेवंताला कुशीवर वळवले आणि तोंडातली लाळ कापडाने ओढून काढली. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. ओरडलो तर मरेल आणि नाही ओरडलो तर मी मरेन, अशी अवस्था होती. मी रुमालाची उरलेली चिंधी दातांत धरली. मग एक बारीकसा श्वास ऐकू आला, गवतातून सरडा जावा तसा. कुटुंबाने पेन्सिल उचलली आणि घरात रेघ ओढली.  त्या क्षणी मला कळले की आम्ही दोघे हे शेवटपर्यंत नेऊ.

ती माझ्याशी बोलत नव्हती, परंतु पाळी कधी चुकवत नव्हती. माझी वेळ झाली की ती उठे, कागदावर ज्या घरात रेघ आहे तिथे माझे बोट नेऊन ठेवी आणि निघून जाई. खोलीतले मौन डॉक्टरांनी सांगितलेले होते, खोलीबाहेरचे तिचे स्वतःचे. दवाखान्यात कोणालाही यांतला फरक कळला नसेल. भरमाण्णाला मात्र कळला. तो भात वाढताना म्हणाला, "वैनी बोलंनात व्हय? बोलत्याल. तुमाला नुसतं जेवायला वाडत्यात तवर जिवाला घोर न्हाय."

"वाढतोस तू, भरमाण्णा."

"मग घोर हाय," तो म्हणाला, आणि आणखी एक पळी वाढली.

पालकांना माझे सांगणे असे. दवाखान्यात माणूस आपली बाजू मांडायला जातो. मी का उशीर केला, मी काय काय केले, माझ्या हातून काय शक्य होते. डॉक्टरांना तुमची बाजू नको असते. त्यांना काटा हवा असतो. घरी अंगारा लावला असेल तर अंगारा सांगा, शेण भरले असेल तर शेण सांगा. लाज वाटेल. वाटू द्यावी. लाजेने माणूस मरत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

दुसरे असे की मुलाच्या खोलीत आपले दुःख घेऊन जाऊ नये. ते दाराबाहेर वहाणांशेजारी ठेवावे. परत निघताना ते तिथेच असते, कोणी नेत नाही.

दवाखान्यातल्या आठव्या दिवशी एक घर रिकामे गेले. मला वाटले, पेन्सिल उमटली नाही. मी कागद उजेडात नेऊन पाहिला. घर खरोखर कोरे होते. दुसऱ्या दिवशी तीन घरे कोरी. पुन्हा एक वाईट दिवस आला आणि पुन्हा बरे दिवस आले. दातखीळ करंगळीएवढी सुटली. एका सकाळी त्या फटीतून शब्द आला.

"आई," शेवंता म्हणाली, "दिवा लाव की."

कुटुंबाने तिच्या कानाशी वाकून, नुसत्या श्वासाने सांगितले, "लावू हं. डाक्टर लावतील."

मार्थाबाईंनी घोंगडी एका कोपऱ्यातून हातभर बाजूला केली. उजेडाची पट्टी जमिनीवर पडली. आम्ही चौघे त्या पट्टीकडे पाहत राहिलो. झटका आला नाही.

उठून बसणे

घोंगडी पुरती निघायला आणखी आठवडा गेला. शेवंता इतकी हलकी झाली होती की खाटेवर चादरीची घडी ठेवल्यासारखी दिसे. डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली, आणि मला काय बोलावे ते सुचेना. मी तिला दवाखान्यातल्या मांजराची हकीकत सांगितली. ती मध्येच म्हणाली, "आप्पा, हळू बोला. झोपल्यात सगळी." सवय तिलाही लागली होती.

सोमवारी दुपारी डॉक्टर म्हणाले, "आज बसवून बघा. थोडा वेळच."

कुटुंब नळावर वाटी धुवायला गेले होते. तिला बोलवावे असे माझ्या मनात आले, पण शेवंताने आपले दोन्ही कोपर गादीत रोवले होते. ती थांबणार नव्हती. मार्थाबाईंनी एका बाजूने पाठीखाली हात घातला, मी दुसऱ्या बाजूने. पाठ लाकडासारखी होती. ती हळूहळू वाकली. शेवंताचे तोंड लाल झाले, कपाळावर घाम आला, आणि ती बसली.

मी हात काढून घेतला नाही, पण मागे सरकून उभा राहिलो, कारण दारात कुटुंब उभे होते. हातातल्या वाटीतून पाणी ठिबकत होते.

"आई, बग," शेवंता म्हणाली.

कुटुंबाने वाटी जमिनीवर ठेवली. तिने मुलीकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. असे तिने विहिरीपासून एकदाही पाहिले नव्हते.

"मान हालतीया तिची," ती मला म्हणाली. "मागं काय उभं ऱ्हायलासा? म्होरनं धरा, अवो. म्होरनं."

मी पुढे झालो आणि शेवंताला दोन्ही हातांनी धरले.